दोनशे चाळीस किलोच्या आत

ता. ९ फेब्रुवारी, रविवार. आभाळ कोरं, वारा पश्चिमेचा, धुळीचा.

ही माझ्या दुसऱ्या वहीची शेवटची नोंद. वहीत फक्त वजनं लिहायची असं ठरलं होतं. पण शेडमध्ये चार माणसं जमली की वजनाशेजारी कोण काय बोललं तेही लिहिलं जायचं. किस्से असेच साठतात.

मी लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी. शिवलिंग सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. भूकंपानंतर त्यांचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. मुलं वाढली, क्लास नव्या इमारतीत गेला आणि रिकाम्या शेडमध्ये सरांनी एका माणसाचं विमान बांधायला घेतलं. नकाशा विकतचा, इंजिन जुनं. नकाशात एका आकड्याला त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला होता. माणूस, पेट्रोल, सगळं धरून दोनशे चाळीस किलो. त्यावर गेलं की उचलणार नाही. म्हणून मला बोलावलं.

* * *

सांगाडा वेल्डर सलीमभाईंनी जोडला. भूकंपानंतर दोन वर्षं त्यांनी नुसती पत्र्याची घरं उभी केलेली. त्याच हाताने त्यांनी विमानाच्याही प्रत्येक कोपऱ्यात तिरका अँगल मारला. नकाशात एकही नव्हता. चौदा किलो जास्त भरले.

"सलीमभाई, हे घर न्हाई," सर म्हणाले.

"सर, म्या लई घरं पडलेली पाहिली. तवापासून हलकं काम करत न्हाई."

"अहो, भूकंप आला तर हे हवेत असंल."

सलीमभाईंनी अँगल ठोकून पाहिला. "अन् खाली असलं तर?"

अँगल कापायला तीन दिवस गेले. एक राहिला.

* * *

तो सीटखालचा. वहिनींना विचारल्याशिवाय त्याला हात लावणार नाही, असं सलीमभाई अडून बसले. सरांच्या घरून वहिनी आल्या, वाकून बघितलं.

"किती भरतो, भावजी?"

"दोन किलो शंभर ग्रॅम."

"मग राहू द्या. यांचं वजन काढा."

त्या दिवसापासून सरांना संध्याकाळी फक्त ताक. दर सोमवारी सर तुरीच्या काट्यावर उभे राहायचे. पाच आठवड्यांत चार किलो उतरले. सहाव्या आठवड्यात सर उदगीरला जाऊन आले आणि अर्धा किलो चढला. वहिनींनी माझी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "उदगीरला कुणाचं लग्न होतं?"

* * *

चाकांवरून आठवडाभर कुणाला चैन नव्हती. नकाशातली चाकं लहान, डांबरी पट्टीसाठी. आमची पट्टी म्हणजे क्लासच्या संचालकांचं काळं रान, वर रोलर फिरवलेलं. पहिल्याच दिवशी, नुसतं हळू पळवताना, चाक भेगेत गेलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. सरांचा चष्मा फुटला.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई मोपेडची चाकं घेऊन हजर. तीन किलो जास्त.

"नकाशात न्हाईत ही," सर म्हणाले.

"नकाशा काढणारा कधी काळ्या रानात येऊन गेलाय का?"

सरांनी वाकून भेगेत हात घालून पाहिला. मग चाकं बसली. बदल्यात सीटची गादी गेली, बॅटरी गेली. इंजिन दोरी ओढून सुरू करायचं ठरलं.

* * *

त्या रानात आता मुलांचं होस्टेल व्हायचं होतं. सोमवारी पाया खणणार. दुसरं सपाट रान आमच्याकडे नव्हतं. सरांनी संचालकांकडे फक्त रविवारची सकाळ मागितली.

"घ्या की. पण पंखावर क्लासचं नाव पाहिजे. फोटो काढायचाय."

"रंगानं वजन वाढतं, साहेब."

"रंगाला काय वजन असतंय?"

मी डबा काट्यावर ठेवून दाखवला. रंग दोन किलो. आमच्याकडे शिल्लक आठशे ग्रॅम. संचालक म्हणाले, "नाव न्हाई तर रविवार न्हाई."

सर दिवसभर विमानाभोवती फिरत राहिले. संध्याकाळी स्टूल घेतलं, खिशातून खडू काढला आणि फळ्यावर लिहितात तसं दोन्ही पंखांवर ठसठशीत नाव लिहिलं. संचालकांना अक्षर फार आवडलं. वहीत वजनाच्या जागी मी लिहिलं, काट्यावर दिसत नाही.

* * *

तर रविवार. वळायचं नाही, सरळ जायचं, उचललं की लगेच टेकवायचं, असं सरांनी वहिनींना कबूल केलं होतं. त्यांनी बूट काढले, घड्याळ काढलं. एकूण दोनशे अडतीस किलो चारशे ग्रॅम. वहिनींनी सरांच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेही लिहा."

सलीमभाईंनी दोरी ओढली. चौथ्यांदा इंजिन लागलं. विमान वाऱ्याच्या तोंडाला सुटलं आणि सगळी धूळ आमच्या अंगावर आली. काही दिसेना.

"उचललं का? भावजी, उचललं का?" वहिनी विचारत राहिल्या. सलीमभाई डोळे चोळत होते. पलीकडे काहीतरी आदळल्याचा आवाज झाला, मग इंजिन बंद पडलं.

आम्ही पळत गेलो. सर सीटवरच बसलेले, अनवाणी.

"मधे हादरे थांबले होते," ते म्हणाले. "का मलाच तसं वाटलं, सांगता येत न्हाई."

सीटखालचा अँगल बोटभर वाकला होता. सीट जागेवर होती.

धूळ बसल्यावर मी मागे गेलो. चाकांच्या खुणा जिथे संपल्या तिथून जिथे परत सुरू झाल्या तिथपर्यंत चाललो. एक्केचाळीस पावलं. परत फिरून मोजली. एक्केचाळीस.