मगदूम मॅडमची पिशवी

"कशानं आलास?" मगदूम मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरीसाठी गेलो होतो, हातात गुणपत्रिकांची फाईल. मोटारसायकलनं आलो म्हणालो. त्यांनी फाईल न उघडताच परत दिली. "मग उद्या ये. बसनं. आपल्याला बसचा रस्ता आखायचाय, मोटारसायकलचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. तांदळानं गच्च भरलेली, तोंड सुतळीनं शिवलेलं. "ही घिऊन रंकाळ्यापतोर जा आन् परत ये. बसमधी बसायचं न्हाय, उभंच ऱ्हायचं." मला वाटलं, घरचं काम सांगतायत. परत आलो तेव्हा तळहातावर वळ उठले होते. मॅडम वळ बघून खूश. "आता सांग, बसची पायरी उंच हाय का न्हाय?"

शहरातले बसमार्ग आणि थांबे आखून देणारं त्यांचं छोटं ऑफिस होतं. शिरोळकडच्या ऊसवाल्या जैन घरातली ही मुलगी. तिनं शाळेत शिकवावं असं वडिलांना वाटे. ती सिव्हिल इंजिनिअर झाली, मोठ्या शहरात जाऊन वाहतूक नियोजन शिकली आणि परत आली. का परत आलात म्हणून विचारलं तर सांगायच्या, "आमच्या अव्वाला, म्हंजी आज्जीला, कंडक्टर म्हणायचा, म्हातारे, मागच्या गाडीनं ये. ती मागची गाडी मी अजून हुडकतोय." कोल्हापूरच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'जातो, येतो'च बोलायच्या, भर मीटिंगमध्येसुद्धा. आणि मीटिंग कुणाचीही असो, दिवस मावळायच्या आत त्यांचा डबा उघडायचा. "साहेब, तुमचं चालू द्या. मला अंधार पडल्यावर जेवता येत न्हाय." मग शेजारच्याकडे डबा सरकवून, "घे की रं, लाजतोस काय बायकोच्या माहेरी आल्यागत!"

ऑफिसात नियम एकच होता. थांबा जो आखेल, त्यानं भरली पिशवी घेऊन थांब्यापासून लोकांना जायचं असतं तिथपर्यंत चालायचं. मगच सही. "नकाशात चढ दिसत न्हाय रं," म्हणायच्या, "हाताला कळतो."

बसचं नियोजन हाही एक पेशा असतो, हे गडहिंग्लजहून आलेल्या मला त्यांच्यामुळं कळलं. पुढं शिकायला त्यांनीच पाठवलं. "जा. पर आल्यावर बोलणं बदलू नगोस." बोलणं बदललं. नोकरीही बदलली. मोठ्या सल्लागार कंपनीत साहेब झालो. पिशवीची चाल मात्र तिथंही नेली. नव्या पोरांच्या हातात कौतुकानं द्यायचो.

एका मोठ्या दवाखान्यासमोरचा चौक रुंद करायचं काम आमच्याकडे आलं. गेटासमोरचा बसथांबा मोटारींच्या आड येत होता. मी तो सिग्नलच्या पलीकडं, उताराच्या खाली नेला. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या, पण सल्लागार समितीवर होत्या. आराखडा बघून त्यांनी चष्मा काढला.

"लांब न्हाय व्हत?"

"नाही मॅडम."

"पिशवी घिऊन चाललास?"

"हो."

"मग हाय तसं ऱ्हाऊ दे," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "पोरगा चालून आलाय."

मी चाललो नव्हतो. मे महिन्याचं ऊन होतं, गाडीत एसी होता. त्या चढावरून गाडीनंच एक चक्कर मारली होती. पिशवी डिकीत होती.

नंतर त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला त्याच दवाखान्यात जावं लागे. रिक्षा करा म्हणून भाचा भांडायचा, त्या म्हणायच्या, "बस हाय की." एके दिवशी त्या चढावरून जाताना मला त्या दिसल्या. बंद रसवंतीच्या कट्ट्यावर बसलेल्या, मांडीवर औषधांची पिशवी. मी काच खाली केली. "मॅडम, बसा, सोडतो."

"नगो. आलंच की आता. जरा टेकलोय." चढाकडं थोडा वेळ बघत राहिल्या. मग, अगदी सहज विचारावं तसं, "तवा पिशवी भरलेली हुती न्हवं रं?"

त्या आवाजात संशय असता तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"होय मॅडम."

त्यांनी मान हलवली. "मग मीच थकलो असंन." विजेच्या खांबाला धरून त्या उठल्या आणि चालू लागल्या. मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून मी निघालो.

पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. शोकसभेत मला बोलायला लावलं. मी रंकाळ्यापर्यंतच्या पिशवीची गोष्ट सांगितली. लोक हसले, मग त्यांनी डोळे पुसले. त्यापुढचं आजवर कुणाला बोललो नव्हतो, घरीसुद्धा.

थांबा परत गेटासमोर आणायचा प्रस्ताव मी नंतर दिला. पण तो लिहायच्या आधी, शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, डिकीतली पिशवी काढली. बसनं गेलो आणि त्या थांब्यावर उतरलो. रसवंतीपर्यंत पोचेतो दोनदा हात बदलला. तिथं पिशवी खाली ठेवली आणि कट्ट्यावर बसलो. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई चढ चढत होती. माझ्यापाशी थबकली, पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय पावणं, दमलासा व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.