अक्षता कुठे पडल्या?

नाना वकील लग्नाला आले की आधी पंगतीकडे वळत नसत. मांडवात उभे राहून भटजींचं नाव विचारत, लग्नपत्रिका मागून घेत आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने टिपून ठेवत: अक्षता कुठे पडल्या, किती वाजता, साक्षीला कोण. सुरतजवळच्या उधन्यातल्या आम्हा खानदेशी मंडळींत या सवयीची भारी थट्टा व्हायची. माझ्या लग्नात आईने तर तोंडावरच सुनावलं, "नाना, शुभ कार्यमा कोर्ट कसाले आनतस?" नाना हसले. "वहिनी, पंगत दोन दिन याद ऱ्हास. जागा जल्मभर कामले येस."

संध्याकाळी कोर्टातून सायकलवर ते सरळ आमच्या ओट्यावर यायचे. काळा कोट धुऊन धुऊन तपकिरी झालेला. चहा बशीत ओतून फुंकत बसायचे आणि कुणीही भांडण घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कोर्ट कोणतं?" त्यांच्या मते निम्मे लोक चुकीच्या दारात जाऊन रडतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझा इंजिनिअर नवरा लग्नानंतर महिन्याभरात अमेरिकेला गेला. व्हिसा पाठवतो म्हणाला होता. तीन वर्षांनी तिथल्या कोर्टाचं जाड पाकीट आलं. त्याने घटस्फोट मागितला होता; कारण काय, तर बायको भांडखोर, नांदायला आली नाही. तो देश मी पाहिलेला नाही आणि तिथे माझा निवाडा होणार! गल्लीत तर मी आधीच 'टाकलेली' झाले होते.

मी चवताळून सात पानी उत्तर लिहिलं, एकेक आरोप खोडून काढला. शाळेतल्या बाईंकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि पाकीट रजिस्टर करायला नानांच्या हाती दिलं. मग रोज पोस्टमनची वाट. काही महिन्यांनी निकाल आला तो नवऱ्याच्या बाजूने. त्यात लिहिलं होतं, बायकोने काहीही कळवलं नाही.

मी तडक नानांचं घर गाठलं. माझं पाकीट त्यांच्या कपाटात जसंच्या तसं पडलेलं! तोंडाला येईल ते मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कायद्याचं पुस्तक उघडलं. आपल्या पद्धतीने इथे लागलेलं लग्न परक्या देशाच्या कोर्टाने परस्पर मोडलं तर आपली कोर्टं ते धरून चालत नाहीत. पण मी तिथे आरोपांना उत्तरं दिली असती, तर ते कोर्ट मान्य केल्यासारखं झालं असतं.

"मग मला आधी सांगायचं ना!"

"सांगं आस्तं, ते तू दुसरं लिखीसन पोस्टमा टाकं आस्तं."

ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

नंतर नानांनी माझ्या वतीने सुरतच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला. अक्षता इथे पडल्या, म्हणून दावाही इथेच चालणार होता; पत्रिकेमागचं ते पेन्सिलीचं टिपण वाचून त्यांनी साक्षीदार गोळा केले. शेजारीण म्हणाली, "शेवटी घटस्फोटच ना? मग तिकडचा काय वाईट?" नाना म्हणाले, "तो त्याना व्हता. हाऊ तिना."

नवरा आलाच नाही. माझी शाळा गुजरातीत झालेली, पण पिंजऱ्यात उभी राहिले आणि तोंडातून अहिराणीच आली. न्यायाधीशांच्या परवानगीने नाना एकेक वाक्य गुजरातीत सांगत गेले. बोलता बोलता मी आईलाही न सांगितलेलं सांगून गेले: कुंकू लावताना आरशात बघणं मी कधीच सोडलंय. ते वाक्य गुजरातीत सांगायचं सोडून नाना कोटाचे खिसे चाचपत रुमाल शोधू लागले. न्यायाधीश हळूच म्हणाले, "रहेवा दो, वकीलसाहेब. समजाई गयुं."

निकाल माझ्या बाजूने लागला.

पुढे काही वर्षांनी नाना गेले. ओसरीत बायका बसल्या होत्या. एकजण दुसरीच्या कानाशी लागून माझ्याकडे बघत म्हणाली, "हाई तीच, जिले नवरानी टाकेल शे." पुढ्यात नाना निजलेले. मी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माले कोनी टाकेल नही, माय. मीच सोडेल शे. आठेच, सुरतना कोर्टमा." मग पदर तोंडाला लावून नानांसाठी पोटभर रडले.