हळदीची नवरी मोहावर

आमच्या शेजारची अंजू शहापूरच्या कॉलेजात जाऊन बिघडली, असं मीच चार घरी पसरवलंय. बिघडली म्हणजे काय, तर युक्रेनमधून पळणाऱ्या लोकांना कुठली बस कुठून सुटते ते फोनवर कळवणाऱ्या पोरापोरींत घुसली. भाषांतर फोनच करतो. हिच्या वाट्याला ओक्साना आली. म्हातारी आई आणि दोन लेकरं घेऊन तळघरात अडकलेली. लग्न ठरलं तरी अंजूचं ध्यान त्या तळघरात. मी चिडवायचो, "नवऱ्याचं नाव तरी पाठ आहे का गो?"

हळद लागली त्या दुपारी तिची मैत्रीण दिपाली शहापूरहून धापा टाकत आली. म्हणाली, ओक्सानाच्या बसची जागा बदललीय, तासाभरात सुटणार. ओक्सानाचा नंबर फक्त अंजूकडे. आणि आमच्या पाड्यात फोनला रेंज मिळते ती वेशीपलीकडच्या रस्त्याच्या मोरीवर. हळद लागलेली नवरी वेस ओलांडत नाय.

अंजू निघालीच होती. तिचा बाप, सुदाम, दारात आडवा झाला. "एक पाय बाहेर टाकलास तर उद्याचं लगीन मोडलं समज!"

"बाबा, ती बाई भलत्याच जागी जाऊन उभी राहील!"

शेवटी फोन घेऊन मी पळालो, पोट माझ्या चार पावलं पुढे. मोरीवरून निरोप धाडला. उलट प्रश्न आला, पूल पडलाय, कुठून जाऊ? परत मांडवात. अंजू आधीच उतरवून ठेवलेला नकाशा बघून म्हणाली, "शाळेमागून सांगा, काका." पुन्हा मोरी. तर शाळा दोन, कुठली? परत येऊन मी खाली बसलो तो उठवेना. अर्धा तास गेला होता.

अंजू मांडवाच्या खांबाला धरून उभी. गालावरची हळद ओघळत होती. मला थट्टा सुचेना.

लग्न लावायला आलेल्या धवळारीण हौसाबाईनं गाणं थांबवलं. "सुदाम, वेशीवरचं मोहाचं झाड आपल्या अंगाला का पलीकडं?"

"आपल्या."

"मंग त्यावर चढली तर वेस कुठं ओलांडली रे?"

सुदाम बाजूला सरला. अंजू पदर खोचून रेंज लागेपर्यंत चढत शेंड्याला गेली. खाली सगळं वऱ्हाड माना वर करून. बऱ्याच वेळानं ती उतरली आणि फोन बापापुढे धरला. ओक्सानानं बसमधून धाडलेला फोटो, खिडकीशी दोन लेकरं.

"आनी म्हातारी?" सुदामनं विचारलं.

"तिला जिना चढवेना. ती तळघरातच आहे. सोबतच्या शेजारणीकडं फोन आहे."

 सुदामनं घरामागून शिडी आणून मोहाला लावली. मी खालून धरली.