बाबांना कुठे खेळवायचं?

कोणत्या माणसाला कुठे उभं करायचं हे या पृथ्वीतलावर आमच्या साडूभाऊंइतकं कोणालाही कळत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, कारण मग ते मला तिथेच दोन तास उभं करतील. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, आता कित्येक वर्षं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसात ते नक्की काय करतात ते मला माहीत नाही आणि त्यांनाही त्याची फारशी उत्सुकता दिसत नाही. त्यांचं खरं काम म्हणजे कॉलेज फुटबॉल. आपला नव्हे, अमेरिकन. ज्यात चेंडू काखोटीला मारून पळायचं असतं आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं करायचं असतं. मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या थंड पट्ट्यातल्या, ज्या विद्यापीठात त्यांनी एम.एस. केलं, तिथे हिवाळ्यात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. शनिवारी सगळं गाव स्टेडियमकडे जायचं म्हणून एकदा हेही गेले, आणि मनाने तिथून अजून परतलेले नाहीत.

बरं, मॅचचं वेड असतं तर आपण समजू शकतो. आमच्या पुण्यातही क्रिकेटपायी खुळावलेली माणसं मी पाहिली आहेत. पण साडूभाऊंना मॅचपेक्षा भरतीचा नाद. इथे बारावीतल्या चांगल्या खेळाडूंच्या मागे कॉलेजं लागतात. कोच त्यांच्या घरी जातो, सोफ्यावर बसून आईच्या हातचं जेवतो, पोराला कॉलेज दाखवायला बोलावतो. मुलगी बघायला जाण्याचाच प्रकार, फक्त पसंती इथे पोराने कळवायची. आणि त्यातही साडूभाऊंचा जीव कशात, तर रनिंग बॅकमध्ये. रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन गर्दीतून फट शोधत सुसाट पळणारा. असे तीन-चार पोरगे दर वर्षी भरती होतात, पण पळायला मिळतं एकाला. बाकीच्यांना कुठे खेळवायचं? कडेला पाठवून झेल घ्यायला लावायचं? बचावात टाकायचं? की ‘रेडशर्ट’ करायचं, म्हणजे वर्षभर बाकावर बसवून खाऊपिऊ घालून ताकद वाढवायची? हा प्रश्न त्या विद्यापीठाच्या कोचला पगार घेऊन पडतो, साडूभाऊंना फुकट पडतो.

आम्ही त्यांच्या जवळच राहतो. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेलं तर पोह्यांची बशी मिळते, पण ती खाताना एखाद्या अठरा वर्षांच्या पोराचे व्हिडिओ बघावे लागतात. ‘‘मांड्या बघ बे त्याच्या! आणि याला कडेला टाकून राहिले. अरे, हा गर्दीतला माणूस आहे, याला कडेला करमेल का?’’ मी म्हणालो, ‘‘साडूभाऊ, त्या पोराला चालत असेल तर तुम्हाला काय त्रास?’’ तर हातातला चमचा खाली ठेवून म्हणाले, ‘‘त्याच्या आईला कोणी सांगितलं आहे का?’’ त्यांचं ठाम मत असं, की घरी आलेल्या कोचला आईने एकच प्रश्न विचारावा: माझ्या पोराला कुठे खेळवणार? स्टेडियम किती मोठं, खोली किती छान, जर्सी कोणत्या रंगाची, हे सगळं गेलं खड्ड्यात. कुठे खेळवणार ते सांग, नाहीतर चहा घे आणि नीघ. एकदा तर त्यांनी तिकडच्या रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन लावला आणि एका पोराची बाजू इतक्या कळवळून मांडली, की निवेदकाने विचारलं, ‘‘सर, तुम्ही त्याचे कोण?’’ साडूभाऊंनी ‘‘वेल-विशर’’ म्हणून सांगितलं. आमची ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘स्वतःच्या मुलीचा मॅथ्सचा टीचर कोण ते विचारा यांना, घाम फुटेल.’’

पण माणूस नुसता बोलघेवडा नाही हो, हीच तर पंचाईत आहे. मंडळाच्या गणपतीला जेवणाची व्यवस्था एका वर्षी त्यांच्याकडे आली. त्यांनी काय करावं? वर्षानुवर्षं दारावर पासेस बघणारे, कपाळावर कायमची आठी असलेले एक गृहस्थ उचलले आणि गुलाबजामवर उभे केले. ‘‘ज्याला नाही म्हणता येतं, तोच गोडावर पाहिजे.’’ ज्या काकू कोणालाच नाही म्हणू शकत नाहीत त्यांना भातावर. आणि मला? मला भर पावसात पार्किंगला. ‘‘तू फुटबॉलमधला लाइनमन आहेस बे. दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करायची, तुझं नाव कोणी घेणार नाही.’’ मी चिडून घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, ‘‘बरोबर ओळखलंय की!’’ त्या वर्षी शेवटच्या पंक्तीलाही गुलाबजाम पुरले. मला फार राग आला.

असा हा माणूस, आणि याच्याच घरी तो प्रश्न चालून आला. साडूभाऊंच्या आई गेल्या. नागपूरला बाबा एकटे राहिले. बाबांना मी लग्नापासून ओळखतो. पंच्याहत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळे, पण पायाला भिंगरी. दुपारी घरात सापडतील तर शपथ. कोणाची औषधं आण, कोणाच्या बँकेत जाऊन ये, कोणाच्या पोरीचं स्थळ बघून ये, आणि हे सगळं पायी. आता वय झालं, एकटे नकोत, असं दोन्ही मुलांनी ठरवलं. ग्रीन कार्डही आलं. मुलं दोन: साडूभाऊ रेडमंडला आणि त्यांची धाकटी बहीण पार पूर्व किनाऱ्यावर, एडिसनला. दोघांनाही बाबा आपल्याकडेच हवे. भांडण असं नाही, पण फोनवर दोघंही एकमेकांशी फार गोड बोलू लागली.

साडूभाऊंनी मात्र ही भरती जिंकायचीच असं मनात धरलं होतं. त्यांनी सगळी आयुधं काढली. बाबांना आधी रेडमंडला आणलं. खालच्या मजल्यावरची खोली, मागे कलणारी खुर्ची, मराठी चॅनेल्स, बाथरूममध्ये धरायला दांडे, पायात लोकरीच्या सपाता. ताई नागपुरी तर्री-पोहे करायला शिकली. पुण्याच्या मुलीने हे करणं म्हणजे काय ते माझ्यासारख्यालाच कळेल. बाबा दर वेळी म्हणायचे, ‘‘वा, मस्त आहे.’’ आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. बाहेर रेडमंडचा पाऊस. पडतोय असंही म्हणता येत नाही आणि थांबलाय असंही नाही. ‘‘बाबा, बाहेर नका जाऊ, घसराल,’’ साडूभाऊ ऑफिसातूनसुद्धा फोन करून सांगायचे. मग बाबा गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारायचे. मी एकदा पाहिलं. मागे हात बांधून, तोंडाने काही पुटपुटत, गाडीला घासू नये म्हणून कोपऱ्यावर अंग चोरत चालले होते. मला बघून हसले आणि म्हणाले, ‘‘ट्रॅफिक नाही, हे एक बरं आहे.’’

एका दुपारी ताईचा मला फोन: बाबा घरात नाहीत. साडूभाऊ मीटिंगमध्ये, फोन बंद. मी गाडी काढली. मोठ्या रस्त्याच्या कडेला, जिथे फुटपाथ संपतो आणि नुसतं गवत सुरू होतं, तिथे बाबा झपाझप चालत होते. डोक्यावर माकडटोपी, हातात कापडी पिशवी. गाड्या पाणी उडवत जात होत्या. मी थांबवून आत घेतलं. बाबा ओलेचिंब, पण चेहरा कसा टवटवीत! ‘‘काय झालं बाबा, कुठे निघालात?’’ ‘‘सूनबाई म्हणाली, कोथिंबीर संपली. मी म्हटलं, आणतो.’’ मग वायपरकडे बघत म्हणाले, ‘‘इथे कोथिंबिरीलासुद्धा गाडी लागते का रे?’’ मी हो म्हणालो. संध्याकाळी साडूभाऊ बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. बाबा निमूट ऐकून घेत होते, आणि ते मला बघवेना म्हणून मी निघून आलो.

दिवाळीत बहिणीने हट्टाने बाबांना एडिसनला नेलं. साडूभाऊंनी ‘‘तीन आठवडे, वर एक दिवस नाही’’ अशी अट घातली. तिच्या घराला लागूनच आपली दुकानं. किराणा, मिठाई, न्हावी, सगळं पायाखाली. एका शनिवारी मी पोह्यांना गेलो तर टीव्ही चक्क बंद. मिडवेस्टातल्या बाराच्या मॅचसाठी हा माणूस इकडे नऊला तोरण बांधल्यासारखा तयार असतो, आणि टीव्ही बंद! साडूभाऊ फोनवर काहीतरी बघत होते. बहिणीने व्हिडिओ पाठवला होता. दिवाळीच्या खरेदीची ही गर्दी, आणि त्या गर्दीतून बाबा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालेत. बहीण मागून ओरडतेय, ‘‘बाबा, हळू!’’ बाबा एका बाबागाडीला वळसा घालतात, दोन जाड्या माणसांमधून तिरके होऊन सुटतात, आणि दुकानाच्या दारातल्या एका म्हाताऱ्याला ‘‘काय गुप्ताजी!’’ अशी हाक मारून पुढे सटकतात. साडूभाऊंनी तो व्हिडिओ मागे नेऊन नेऊन बघितला. एका जागी थांबवून मला म्हणाले, ‘‘इथे बघ. उजवीकडे जायला जागा होती, पण यांना डावीकडची फट दिसली.’’ आवाज अगदी शनिवारचाच होता. मग फोन पालथा घातला. ‘‘आणि मी यांना रेडशर्ट करून ठेवलं बे. गॅरेजमध्ये.’’ पोहे गार झाले.

तीन आठवड्यांनी बाबा ठरल्याप्रमाणे परत आले. आता कायमचं ठरवायचं होतं. इथे भरतीची एक गंमत असते: पोरगा टेबलाशी बसतो, समोर वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्या मांडतात, घरचे जमतात, आणि तो ज्या टोपीला हात घालून डोक्यावर चढवेल ते त्याचं कॉलेज. साडूभाऊंनी रविवारी सगळ्यांना बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर दोन टोप्या ठेवल्या. निळी म्हणजे रेडमंड, लाल म्हणजे एडिसन. समोर लॅपटॉपवर बहीण. ‘‘डॅड, आजोबा इज नॉट अ रिक्रूट!’’ साडूभाऊंची मुलगी म्हणाली, पण तीसुद्धा खुर्ची ओढून बसली. ताईने मला डोळ्याने खुणावलं, थांबव यांना. मी काय थांबवणार, मी लाइनमन.

‘‘बाबा, तुमच्या मनाने घ्या. कोणाची भीड नको,’’ साडूभाऊ म्हणाले.

बाबांनी दोन्ही टोप्यांकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. हा त्यांचा थोरला. दांडे बसवणारा, सपाता आणणारा, घाबरून ओरडणारा. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते आम्हां सगळ्यांना दिसत होतं. लॅपटॉपमधल्या बहिणीलाही दिसलं असणार, कारण तिने मान खाली घातली. बाबा हसले, ‘‘इथे काय कमी आहे मला?’’ म्हणाले आणि निळ्या टोपीकडे हात नेला.

त्यांचा हात पोचायच्या आत साडूभाऊंनी ती टोपी उचलली. उचलून मांडीवर ठेवली. दुसऱ्या हाताने लाल टोपी घेतली, उठले, आणि बाबांच्या डोक्यावर स्वतः घातली. कानावरून नीट ओढली, मागचा पट्टा आवळला. ‘‘बाबा,’’ ते म्हणाले, ‘‘माझ्याकडे सगळं आहे, पण तुम्हाला खेळवायला जागा नाही. मी नुसतीच हौस करून राहिलो होतो.’’ बाबा म्हणाले, ‘‘तुला वाईट वाटेल रे.’’ ‘‘वाटेल ना. वाटू द्या.’’ आणि मग एवढा मोठा माणूस, बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून, आमच्या सगळ्यांच्या देखत रडला. लॅपटॉपमधली बहीणही रडत होती. ताई कोथिंबीर चिरायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबा आता एडिसनला असतात. साडूभाऊ जमेल तेव्हा जाऊन येतात. मी शनिवारी पोह्यांना जातो. नवे पोरगे भरती झालेत, त्यांच्या मांड्यांची चर्चा असते, त्यांच्या आयांची काळजी असते, सगळं जागच्या जागी आहे. फक्त मॅचच्या मध्यंतरात साडूभाऊ फोन हातात घेतात आणि बाबांना लावतात. तिकडे दुपार झालेली असते. रिंग जात राहते. बाबा फोन घरीच विसरून गेलेले असतात, नाहीतर गर्दीत त्यांना ऐकूच येत नाही. ‘‘उचलत नाहीत बे,’’ साडूभाऊ माझ्याकडे बघून खुशीत म्हणतात, ‘‘म्हणजे बाहेर आहेत.’’ मध्यंतर संपतं, मॅच पुन्हा सुरू होते, पण ते फोन कानाला तसाच धरून ठेवतात, रिंग आपणहून बंद होईपर्यंत.