धाकटीच्या हातातला चेंडू

आमच्या घरात पळणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आता ते कुणाच्या लक्षात नाही. आठशे मीटरमध्ये मी जिल्ह्यापर्यंत गेले होते, आणि अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात लोक मला त्यासाठीच ओळखत. धाकटी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती उंच होती, आळशी होती, आणि दुपारभर आडवी पडून राहायची.

गोंदियाला एका नव्या खेळाची निवड चाचणी आहे असं आमच्या सरांनी सांगितलं आणि मी नाव दिलं. खेळ ऑस्ट्रेलियातला. म्हणायला फुटबॉल, पण चेंडू लंबगोल, आणि तो हातात घेऊन पळता येतं. पळायचं आहे म्हणजे आपलंच काम, असं मला वाटलं. बाबा धानाच्या बांधीतूनच, चिखलात उभे राहून म्हणाले, "एकटी कायले जाऊन राहिली? लहानीले संग घेऊन जा."

म्हणून ती आली. माझी पिशवी सांभाळायला.

मैदानावर दोन्ही टोकांना चार-चार बांबू रोवलेले होते. मधल्या दोन बांबूंमधून चेंडू लाथेने मारला की सहा गुण. हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि कुणी लांबून लाथाडलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत झेलला, तर सगळ्यांनी थांबायचं. झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते, त्याला कुणी अडवायचं नाही. मी सगळ्यांच्या पुढे पळत होते. पण चेंडू आला की हातातून निसटायचा. तीनदा निसटला.

एका बाजूला एक मुलगी कमी पडली. प्रशिक्षक हिंदीत म्हणाले, "वो बैग वाली को बुलाओ." ती चप्पल काढून, ओढणी कमरेला बांधून आत गेली. पहिलाच चेंडू उंच आला. तिच्याभोवती चार मुली होत्या. ती उडाली आणि दोन्ही हातांनी तो वरच्या वर काढून घेतला, आणि मग काय करायचं ते माहीत नसल्यामुळे तशीच उभी राहिली.

हे तिला कुठून आलं, ते त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं. खळ्यावर धानाचं पुंजनं, म्हणजे पेंड्यांची उंच रास, रचताना मी खालून पेंड्या फेकायचे आणि ती वर उभी राहून झेलायची. कितीतरी वर्षं. तिचे हात मी घडवले होते, आणि निवड तिची झाली. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खांदा हलवला नाही, पण अर्जुनी येईपर्यंत दात आवळून बसले होते.

राज्याच्या संघातून ती दोन स्पर्धा खेळली. घरी चषक आले. माझी पदकं ज्या खिळ्याला होती त्याच्या शेजारी आईने फळी ठोकून घेतली. तिसऱ्या हिवाळ्यात भारताच्या संघासाठी शिबिर ठरलं. तिच्याकडे फोन नव्हता, अर्जावर माझा नंबर होता. मी अर्जुनीच्या बसस्टँडवर उभी असताना निरोप आला: सहा दिवसांत हजर व्हा, येणार की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

मी तो वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवला. घरी गेले. ती चुलीपाशी भात वाढत होती, मलाही वाढलं. आत्ता सांगू, जेवण झाल्यावर सांगू, सकाळी सांगू. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ माझ्यासमोर गेली. मी काही केलं नाही, एवढंच केलं.

आठवड्याने सरांकडून तिला कळलं की तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. ती माझ्यापाशी आली.

"ताई, तुह्या फोनवर काही आलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी अर्ज भरताना मी तिच्या मागे उभी होते. नंबराच्या रकान्यात तिने आमच्या गावातल्या किराणावाल्याचा नंबर लिहिला. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्या वर्षी ती ऑस्ट्रेलियाला गेली. पहाटेच्या गाडीसाठी तिला स्कुटीवर बसवून स्टेशनवर मीच सोडलं. तिथले सामने मी मोबाईलवर पाहिले. चित्र अडकत अडकत यायचं. एकदा ती दोन गोऱ्या मुलींच्या खांद्यांवरून वर आली, चेंडू तिच्या बोटांत होता, आणि तिथेच चित्र थांबलं. आई बाजूला टाळ्या वाजवत होती. मला वाटत होतं, चेंडू सुटू दे.

ती परतल्यावर गावाने सत्कार केला. सरपंचांनी मलाही बोलायला उभं केलं, कारण तिला या खेळात आणणारी मी. मी चांगलं बोलले. लोकांचे डोळे भरून आले.

मग एका सामन्यात तिचा गुडघा फिरला. आतली दोरी तुटली, असं डॉक्टर म्हणाले. नागपूरला ऑपरेशन झालं आणि सोबत मी राहिले. खरं लिहायचं तर ती बातमी ऐकली तेव्हा आधी माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं, आणि वाईट त्यानंतर वाटलं. त्या क्रमाची मला अजून लाज वाटते. तिसऱ्या दुपारी मी तिच्यासाठी संत्रं सोलत होते. हात थांबले.

"त्या वर्षी निरोप आला होता," मी म्हणाले. "मी सांगतलं नाही."

"मले मालूम हाय. तू नाही म्हनली, त्याच राती तुह्या फोनात पाह्यला होता मी."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिने संत्र्याची फोड उचलली. "बोलली असती तं भांडन झालं असतं. मंग मले पहाटे स्टेशनवर कोनं सोडून देल्लं असतं? बाबाले तं गाडी चालवता येत नाही."

मी माफीची तयारी करून बसले होते, रागाचीही. अशा साध्या, व्यवहाराच्या बोलण्याची नव्हती. "रडू नोको," ती म्हणाली, "बाजूची बाई पाहून राहिली."

ती पुन्हा उभी राहिली. आधीसारखी उडी राहिली नव्हती, म्हणून तिला मागे, बचावाला ठेवलं. तिथे ती आणखी दोन वर्षं खेळली. माझं तोवर लग्न होऊन मी गोंदियाजवळ फुलचूरला आले होते. तिचा शेवटचा सामना गोंदियातच झाला, आणि मी तिला मैदानावर, डोळ्यांसमोर, निवड चाचणीनंतर पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. ती पळण्यात मागे पडत होती. पण चेंडू कुठे पडणार ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि ती तिथे जाऊन उभी असायची. हे मी कुठल्याच मोबाईलवर पाहिलं नव्हतं. तिचा संघ हरला. ती बूट सोडत बसली आणि म्हणाली, "झालं बा."

तिचं खेळणं थांबलं की माझा हेवाही थांबेल, असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. आता ती नवेगावबांध गावात मुलींना हा खेळ शिकवते, पेपरात तिचा फोटो येतो, आणि मी तो कापून ठेवते. इथल्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणी विचारतात, "ये आपकी बहन है ना?" मी हो म्हणते. मग कुणी न विचारताच सांगते, "मैं भी दौड़ती थी."