मळमड्डीतला बुलेटिन बोर्ड

बेळगावच्या मावशीनं एका दुपारी आमच्याकडे फोन केला आणि पलीकडून तिला कुणीतरी किंचाळताना ऐकू आलं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. संध्याकाळी मावशी आणि तिचे यजमान बसनं धारवाडला हजर झाले. सोबत जेवणाचा डबा, बदलायचे कपडे आणि वाईट बातमी ऐकायची पूर्ण तयारी. आम्ही सगळे अंगणात चहा पीत होतो. मावशीला हायसं वाटलं असणार, पण तसं तिनं दाखवलं नाही.

"कोण ओरडत होतं ग?" तिनं मला विचारलं.

"मोडेम."

"तो कोण आणि?"

तेव्हा मी धारवाडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि आई-अप्पांबरोबर मळमड्डीत राहत होते. मोडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनवरून बोलायला लावणारी डबी. माझा थोरला भाऊ अमेरिकेत होता. तिकडे जुनी झाली म्हणून तो ती फेकणार होता. मी ती मागून घेतली.

तिच्या जोरावर मी घरात बुलेटिन बोर्ड सुरू केला. आता हे समजावून सांगावं लागतं. माझा संगणक टेलिफोनपाशी नुसता वाट बघत बसायचा. ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल त्यानं आमचा नंबर फिरवायचा. माझा संगणक फोन उचलायचा, दोन्हीकडून किंचाळाकिंचाळी व्हायची, आणि समोरच्याच्या काळ्या पडद्यावर माझी पाटी उमटायची. मग त्यानं इतरांचे निरोप वाचावेत, आपला ठेवावा, वाटलं तर एखादा लहानसा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा आणि निघावं. फोन एकच असल्यामुळे एका वेळी एकालाच आत येता यायचं. एकाच खुर्चीचं सलून असतं तसं. वेळ दुपारची, कारण तेव्हा मळमड्डी झोपलेली असते आणि कुणी कुणाला फोन करत नाही. मावशी अपवाद.

मला यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा. घरात नवी वस्तू आली की मी आधी तिचं माहितीपुस्तक वाचते, मग वस्तूकडे बघते. अजूनही तेच. आता मी धारवाड-हुबळीच्या मधल्या नवनगरला राहते आणि माझ्या घरातले दिवे फोनवरून लागतात. फोनचं चार्जिंग संपलं की मी अंधारात बसते, पण तक्रार करत नाही. अप्पा म्हणायचे, "हिला माणसांपेक्षा वायरी जास्त आवडतात." मला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हे सांगितलं. वकील असून त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला आणि मी वायरींकडे लक्ष देऊ शकले.

बोर्डावर येणारी माणसं मोजकी होती. नवनगरचे एक बँक अधिकारी यायचे, ते फक्त बुद्धिबळाबद्दल लिहायचे. इंजिनिअरिंगचे काही विद्यार्थी. हुबळीचे एक कापडव्यापारी रोज यायचे आणि रोज एकच निरोप ठेवायचे: "चालू आहे काय?" मी उत्तर द्यायची, "आहे." त्यांचं समाधान व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका यायची.

ह्याच सुमारास अप्पांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कोर्टात साक्षीदार काय सांगतो ते त्यांना ऐकू येईना. तरी त्यांनी काही महिने खटले चालवले, आणि त्यातले काही जिंकलेही. मग न्यायाधीश काय म्हणतात तेही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी वकिली सोडली. कानातलं यंत्र त्यांना मानवलं नाही. ते म्हणायचे, त्यातून भांडी फार ऐकू येतात आणि माणसं कमी.

वकिली सुटल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते डॉक्टरांचा फोन सुटल्याचं. डॉक्टर म्हणजे अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. हुबळीला देशपांडे नगरात त्यांचा दवाखाना, वर घर. दोघांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. आता अप्पांना फोनवर फक्त स्वतःचा आवाज ऐकू यायचा. त्यावर त्यांचं भागत होतं, डॉक्टरांचं भागेना. शेवटी फोन बंद पडला. अप्पा दुपारभर पेपर वाचायचे आणि संपला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचे.

डॉक्टरांनी दवाखान्यासाठी संगणक घेतलेला होता. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि ते अजून कुणी काढलं नव्हतं. मी भावाला लिहून आणखी एक टाकाऊ मोडेम मागवला, डॉक्टरांकडे जाऊन तो जोडला, झाकणाची घडी करून काकूंच्या हातात दिली. घरी येऊन अप्पांना माझ्या संगणकापुढे बसवलं.

"मी काय करू इथं?" अप्पा म्हणाले.

मी कागदावर लिहून दाखवलं: डॉक्टरकाका फोन करतील. ते लिहितील, तुम्ही लिहा.

बोर्डवाल्याला आलेल्या माणसाशी थेट लिहून बोलता यायचं. एक ह्या टोकाला लिहितो, दुसऱ्याला ते त्याच क्षणी दिसतं. मराठी लिपी नव्हती, त्यामुळे इंग्रजी अक्षरांत मराठी, मध्येच कानडी. अप्पा एका बोटानं आणि सगळं कॅपिटल अक्षरांत लिहायचे. तसं लिहिणं म्हणजे ओरडणं, हा बोर्डांवरचा संकेत मी डॉक्टरांना सांगून ठेवला होता. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लिहिलं, "ओरडू नकोस. मी बहिरा नाही."

अप्पांनी लिहिलं, "मी आहे."

त्यानंतर ते रोज बोलू लागले. लाइनीत खरखर झाली की पडद्यावर मध्येच वेडीवाकडी चिन्हं उमटायची. अप्पा ती न अडखळता वाचायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी जन्मभर वाचल्या होत्या. विद्यार्थ्यांनी तक्रार केली की बोर्ड नेहमी एंगेज असतो. मी त्यांना सकाळी यायला सांगितलं.

ह्या बोलण्यात एक गंमत होती. अक्षरं एकेक करून पलीकडे पोचायची, आणि खोडली तर खोडतानाही दिसायची. अप्पा वाक्य आधी मनात जुळवून मग लिहायचे, त्यामुळे त्यांना खोडावं लागत नसे. डॉक्टर लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. अप्पांना त्यांचं खोडलेलंच जास्त आवडायचं.

एका दुपारी मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. अप्पांनी मोठ्यानं हाक मारली.

"इकडं ये. हे बघ."

मी गेले. पडद्यावर डॉक्टरांचं वाक्य होतं: "पोट भरलंय. आज पुरणपोळी होती."

"बरं झालं की," मी म्हणाले. मग त्यांना ऐकू येत नाही हे आठवून मान हलवली.

"ते नव्हं," अप्पा म्हणाले. "आधी त्यानं लिहिलं, पोटात गाठ लागतेय. मग मागं मागं खोडत 'पोट'पर्यंत आला आणि पुढं पुरणपोळी काढली."

डॉक्टर काटकसरी होते. खोडायला लागेल तेवढंच त्यांनी खोडलं होतं.

मी कागदावर लिहिलं: लाइनीची खरखर असेल.

"खरखरीला गाठ म्हणता येतं होय?" अप्पा म्हणाले. त्यांनी पुढे वाकून एका बोटानं लिहिलं, "थांब. आलो." आणि उठून कोट घातला. त्यांना कंडक्टरचं बोलणं ऐकू येणार नाही म्हणून मीही निघाले. गडबडीत लाइन बंद करायची राहिली.

बस उशिरा आली आणि नवनगरपाशी बराच वेळ थांबली. आम्ही देशपांडे नगरात पोचलो तेव्हा डॉक्टर संगणकासमोरच बसलेले होते. अप्पांनी थांब म्हटलं होतं, म्हणून ते थांबले होते. अप्पा खरंच येतील असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

"गाठ कधीपासून आहे?" अप्पांनी दारातूनच विचारलं. कान गेल्यापासून त्यांचा आवाज वाढला होता. आतून काकू बाहेर आल्या.

डॉक्टर काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही. लिही."

डॉक्टरांनी कीबोर्ड ओढला. "कसली गाठ?"

"खोडलेली."

"मी असं काही लिहिलंच नाही."

"लिहिलंस आणि खोडलंस. कोर्टात आम्ही खोडलेलं आधी वाचतो." अप्पा त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. "पेशंट असं लपवून बसला तर तू त्याला काय म्हणतोस?"

"गाढव म्हणतो."

"मग?"

डॉक्टरांनी लिहिलं, "भीती वाटते." मी बघत होते. खोडलं नाही. काकूंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"उद्या सकाळी दाखवायला जायचं," अप्पा म्हणाले. "मी येतो."

"तुला काय ऐकू येणार तिथं?"

"ऐकायचंय तुला. मी बसतो."

रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही घरी परतलो. आईला काय सांगायचं, किती सांगायचं, हे मी बसमध्ये ठरवत होते. आईनं दार उघडलं आणि विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?" लाइन चालू राहिल्यामुळे डॉक्टरांनी तिकडे लिहिलेलं सगळं इकडे रिकाम्या खुर्चीसमोर उमटत गेलं होतं. आई चहाचा कप न्यायला आली आणि उभ्या उभ्या वाचत राहिली. तिला फक्त डॉक्टरांची बाजू दिसली. अप्पांची तिला पाठ होती.

गाठ साधी नव्हती, पण वेळेवर सापडली. डॉक्टरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं ऑपरेशन केलं. ऑपरेशन चालू असताना अप्पा काकूंच्या शेजारी बाकावर बसून होते. काकू काहीतरी बोलत होत्या आणि अप्पा मान हलवत होते. नंतर मी विचारलं, काकू काय म्हणत होत्या? अप्पा म्हणाले, "कुणास ठाऊक. पण बोलल्यावर त्यांना बरं वाटलं."

पुढे इंटरनेट आलं. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे निघाले आणि बोर्डावरची माणसं एकेक करून तिकडे गेली. मला वाईट वाटलं नाही. घरात इंटरनेट घेणाऱ्यांत मीच पहिल्या काहींत होते, आणि नवा मोडेम जुन्यापेक्षा कितीतरी वेगानं काम करायचा. बोर्ड मात्र मी चालू ठेवला, दोघा म्हाताऱ्यांसाठी. त्यांना नवं काही नको होतं. त्यांचं हेच अजून संपलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी डॉक्टर झोपेतच गेले. पोटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. अप्पा दिवसकार्यं संपेपर्यंत हुबळीला जाऊन येऊन होते. मग घरी बसले. दुपारी संगणकाच्या खोलीत जायचं त्यांनी सोडलं, पण मी बोर्ड बंद करायचं टाळत होते.

मग एका दुपारी मोडेम वाजला. मी जाऊन बघितलं तर डॉक्टरांच्या नावानं कुणीतरी आत आलं होतं. मी अप्पांना हाताला धरून आणलं. पडद्यावर हळूहळू अक्षरं उमटली. चुकत होती, पण खोडली जात नव्हती. काकूंचं माहेर कानडी. त्यांनी लिहिलं होतं, "ऊट आतेन्री?"

अप्पांनी चष्मा लावला आणि एका बोटानं उत्तर दिलं, जेवण झालं, तुमचं?

काकू मुलाकडे पुण्याला राहायला जाईपर्यंत ते बोलत होते. मुख्यतः डॉक्टरांबद्दलच्या तक्रारी असायच्या, दोघांच्याही. पुण्याहून बोर्डाला फोन लावायचा तर लांबच्या कॉलचं बिल परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा अप्पा एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ते तुझं ईमेल काय असतं ते दाखव."

मी खातं उघडून दिलं. संगणकानं पासवर्ड मागितला, तेव्हा मी त्यांना कागदावर लिहून दिलं: तुम्हालाच माहीत असेल असा एक शब्द.

"मला कशाला पासवर्ड?" अप्पा म्हणाले. "माझं लपवण्यासारखं काही नाही."

मी लिहिलं: ठेवावाच लागतो.

त्यांनी थोडा विचार केला. मग मला दिसू नये म्हणून डाव्या हातानं कीबोर्ड झाकला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं तो शब्द लिहिला.