पट्टीवरचा शेक

फौजदारबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण इस्पितळात खऱ्या नावानं विचारून बघा, लिफ्टवालासुद्धा ओळखायचा नाही. अपघात विभागात सव्वीस वर्षं सिस्टर! डॉक्टर बदलले, खाटा बदलल्या, बाईंचा आवाज तोच.

एका दुपारी म्हातारे शिंपीकाका स्ट्रेचरवरून आले, मागोमाग काकू आणि जावई. ओठ निळे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मिनिटाला जेमतेम सहा श्वास. बाईंनी त्यांचा सदरा वर केला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. पाठीवर दुखण्यावरची औषधी पट्टी, आणि तिच्याभोवती शेकाचा लालभडक चट्टा. औषध अफूच्या जातीचं. पट्टी ते कातडीतून हळूहळू सोडते. ऊब लागली की भसाभस. मग मेंदू श्वास घ्यायचंच विसरतो.

बाईंनी पट्टी ओरबाडून काढली, तरुण डॉक्टरांनी उतारा टोचला. दोन मिनिटांत काकांनी डोळे उघडले आणि पहिली शिवी जावयाला हासडली. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"ठणठणीत झाले की! नेतो घरी," जावई म्हणाला. डॉक्टरांनीही सहीसाठी पेन काढलं.

"कुठं नेताय? उतारा तासाभराचा पाहुणा, कातडीखालचं औषध घरजावई! पाहुणा उठला की ते पुन्हा पाय पसरणार. मी हलू देणार नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण वाटेत उभी आहे. ढकला मला."

कोण ढकलतंय! बाई स्टूल ओढून बसल्या, घड्याळ बघत श्वास मोजू लागल्या. चाळिसाव्या मिनिटाला काकांची कुरकुर मधेच थांबली. श्वास चौदावरून सातवर.

"डॉक्टर!"

पुन्हा उतारा, मग सलाईनमधून सावकाश चालूच ठेवला. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. एव्हाना ते सगळे गाडीत असते.

संध्याकाळी श्वास स्थिरावला, तेव्हा काकू पुढे आल्या. "गरम पाण्याची पिशवी मीच ठेवली हो. दुखतंय म्हणाले म्हणून..."

आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून जावयानं मान खाली घातली. बाईंनी काकूंचा हात धरला.

"पट्टी देताना शेकू नका म्हणून सांगितलं होतं कुणी?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"सोमवारी इथंच पट्ट्यांचं पाकीट मीच दिलं तुम्हाला. गर्दी होती, तीन दिवसांनी बदला एवढंच म्हटलं. चूक माझी आहे काकू, आणि जावईबापूंसमोर सांगते."